बेळगावात एस्प्रेसोचा गाळा काढताना: पाणी, ग्राइंडर आणि कागदपत्रं

टिळकवाडीत दहा बाय बाराच्या गाळ्यात एस्प्रेसोचं, म्हणजे मशीनच्या दाबानं काढलेल्या दाट कॉफीचं, छोटं काउंटर काढायचं, हे २०२४ च्या गणपतीनंतर ठरलं. गिऱ्हाइकाच्या हातात पहिला कप पडला तो पुढच्या वर्षी एप्रिलअखेर. मधले महिने कशात गेले, पैसे कुठे लागले आणि घोडं कुठे अडलं ते क्रमानं लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुणाच्या डोक्यात असं काही असेल, तर पुण्या-बेंगळुरूकडच्या माहितीवर पूर्ण विसंबून चालत नाही. इथलं पाणी वेगळं, मशीनचा मेकॅनिक लांब, आणि फॉर्म कन्नडमध्ये. बहुतेक जण आधी मशीनच्या किमती बघायला लागतात. आमच्या मते मशीन सगळ्यात शेवटी. आधी चव, मग ग्राइंडर, मग पाणी, आणि गाळ्याचे कागद मार्गी लागले की मशीन.

सप्टेंबर-ऑक्टोबर चव शिकण्यात गेले. आपल्याकडे घरात कॉफी म्हणजे चिकोरी घातलेली पावडर, भरपूर दूध आणि साखर. चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. तेवढं वाचायची सवय लावून घ्या. फिल्टर कॉफीला चिकोरी शोभते, दाटपणा येतो. एस्प्रेसो मशीनमध्ये मात्र ती घालायचीच नाही. चिकोरीचा बराच भाग पाण्यात विरघळतो, दाबाखाली चिकट होतो, बास्केटची (कॉफी भरायच्या वाटीची) भोकं बुजवतो आणि वरच्या जाळीत जाऊन बसतो.

चव शिकायला मशीन लागत नाही. पाच-सहा सारखे काचेचे ग्लास, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि एक हातग्राइंडर पुरे. कपिंगचं, म्हणजे चव पारखण्याचं, माप १५० मिलीला ८.२५ ग्रॅम, दळण जाडसर. ९३ अंशांच्या आसपासचं पाणी ओतायचं, चार मिनिटं हात लावायचा नाही. मग वरची साय चमच्यानं तीनदा मागे सारून मोडायची, नाक अगदी जवळ न्यायचं, फेस काढून टाकायचा आणि आणखी पाच-सात मिनिटांनी चमच्यानं सुर्र करून ओढायचं. गरम असताना सगळ्या कॉफ्या सारख्याच लागतात. फरक कळतो तो कोमट झाल्यावर. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. त्यामुळे ‘उकळी आल्यावर थोडं थांबा’ असं कुठे वाचलं तर इथं फार थांबू नका.

बिया घेताना दुकानदार जी नावं सांगतो ती बहुतेक प्रतवारीची असतात. प्लँटेशन ए म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेली मोठ्या दाण्याची अरेबिका. चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली. पीबी म्हणजे पीबेरी, फळात एकच गोल दाणा धरलेली. रोबस्टा पार्चमेंट म्हणजे धुतलेली रोबस्टा, आणि त्यातली निवडक प्रत कापी रॉयल. जात ही वेगळी गोष्ट: एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी ही नावं जातींची. देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी आपल्याच कर्नाटकात, कोडगू, चिक्कमगळूरू आणि हासनमध्ये पिकते; म्हणजे माल मिळवायला अडचण नाही. प्रश्न भाजल्याच्या तारखेचा. पाकिटावर ती तारीख नसेल तर पाकीट परत ठेवा. भाजल्यावर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. पहिल्या आठवड्यात तो इतका असतो की शॉट (मशीनमधून एका खेपेला काढलेली कॉफी) फसफसतो आणि वेळेचा काही मेळ लागत नाही. सातव्या ते दहाव्या दिवसापासून वापरा, पाचेक आठवड्यांत संपवा.

नोव्हेंबरात बेंगळुरूला शिकायला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी पोचतो. कॉफी बोर्डाचा ‘कापी शास्त्र’ हा अभ्यासक्रम तिथंच बोर्डाच्या मुख्यालयात चालतो; भाजणं, चव घेणं, बनवणं, सगळ्याची पायाभरणी त्यात होते. ज्याला भाजण्यातही उतरायचंय त्यानं तोच करावा. आम्हाला फक्त मशीनवर हात बसवायचा होता, म्हणून एका खासगी संस्थेत तीन दिवसांचा वर्ग घेतला. फी अठरा हजार, राहणं-खाणं वेगळं. अशा वर्गाला पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: एका मशीनवर किती विद्यार्थी, आणि दळण स्वतः बदलू देणार की ग्राइंडर आधीच लावून ठेवलेला असणार? ग्राइंडरला हात लावू देत नसतील तर तुम्ही फक्त बटण दाबायला शिकून याल.

त्या वर्गातला एक सराव घरी येऊन कितीही वेळा करण्यासारखा आहे. १८ ग्रॅमचा शॉट सुरू करायचा आणि धारेखाली पाच छोटे कप एकामागून एक सरकवायचे, प्रत्येकात साधारण सहा सेकंद. पहिल्या कपात काळपट, काकवीसारखं दाट, इतकं आंबट-खारट की तोंड वाकडं होतं. दुसऱ्यात आंबटपणा उतरतो. तिसऱ्यात गोडी येते, रंग तांबूस. चौथा पातळ, पाचवा पिवळट पाणी, वर लाकडासारखा कडवटपणा. मग पहिला नि तिसरा मिसळून बघा, पहिले तिन्ही मिसळून बघा, पाचही मिसळून बघा. शॉट कुठे तोडायचा, हे त्यावरून जिभेला कळतं. ‘आंबट लागतंय म्हणजे लवकर तोडलं किंवा फार वेगात गेलं, कडू-कोरडं लागतंय म्हणजे फार ओढलं’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हे पाच कप पिणं बरं.

डिसेंबरभर घरी सराव. त्यासाठी सेकंडहँड घरगुती मशीन तीस हजारांना मिळालं, ५८ मिमीच्या पोर्टाफिल्टरचं (पोर्टाफिल्टर म्हणजे बास्केट बसवायचा दांड्याचा भाग). ५१ किंवा ५४ मिमीचं घेतलं तर पुढे मोठ्या मशीनवर त्यातलं काही उपयोगी पडत नाही. खोक्यावर ‘१५ बार’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. ती पंपाची कमाल ताकद. कॉफीवर लागतो तो साधारण ९ बार दाब, बाकीचा जास्तीच्या दाबाच्या व्हॉल्व्हमधून परत टाकीत जायला हवा. स्वस्त मशीनमध्ये तो व्हॉल्व्ह लावलेला नसतो किंवा ११-१२ वर ठेवलेला असतो.

एस्प्रेसोचं गणित सुरुवातीला एकच धरा: १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद, पाणी ९२-९३ अंश. कपात आलेली कॉफी मिलीत नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजायची. फेसामुळे मिलीचं माप रोज फसवतं, ताज्या बियांना तर फारच. आत नि बाहेरचं वजन पक्कं धरून फक्त दळण बदलायचं. ३६ ग्रॅम पंधरा सेकंदांत आले तर बारीक करा, पंचेचाळीस लागले तर जाड. वेळ बरोबर येऊनही आंबट लागत असेल तर बाहेरचं वजन ४०-४२ पर्यंत न्या. कडू असेल तर ३२-३३ वर तोडा. एका वेळी एकच गोष्ट. दळण, वजन आणि तापमान तिन्ही एकदम हलवलं की कशामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दळण बदललं की ग्राइंडरच्या घशात अडकलेलं जुनं दळण, पाच ते आठ ग्रॅम, काढून टाकायचं. नाहीतर पुढचा शॉट निम्मा जुन्या मापाचा निघतो आणि तुम्ही उगाच आणखी बारीक करत बसता.

वेळ बरोबर, वजन बरोबर, तरी एकाच घोटात आंबटही लागतं आणि कडूही. याचं कारण बहुतेक वेळा चॅनलिंग. पाणी दाबाखाली सोपी वाट शोधतं. कॉफीच्या चकतीत कुठे भेग, कुठे गुठळी असली की पाणी तिथूनच सुसाट जातं. त्या वाटेवरची कॉफी जास्त निघते आणि बाकीची कोरडी राहते. उपाय कंटाळवाणा पण स्वस्त: अ‍ॅक्युपंक्चरच्या बारीक सुया, ०.३ ते ०.४ मिमीच्या, एका बुचात खोवा आणि बास्केटमधलं दळण तळापासून गोल गोल मोकळं करा. मग सपाट दाबा. किती किलो जोरानं दाबायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हवा निघाली आणि पावडर आणखी दबत नाही म्हटल्यावर झालं. टॅम्पर (दाबायचा ठोकळा) तिरका नको, एवढं जपा.

चॅनलिंग डोळ्यांनी बघायचं तर खालून उघडा पोर्टाफिल्टर हवा. विकतचा चार-पाच हजारांना येतो. इथं बेळगावची सोय कामाला आली. उद्यमबागेत लेथवाल्यांची कमी नाही. मशीनबरोबर आलेला जास्तीचा पोर्टाफिल्टर घेऊन गेलो. लेथवाल्या मामांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, वर्नियर लावला आणि विचारलं, “बास्केट आत बसतंय त्येचं माप द्या. टॉलरन्स शून्य पॉइंट एक चालंल न्हवं?” बास्केटच्या बुडाला धक्का लागणार नाही एवढं भोक, काठ गोलसर, आणि ५८.४ मिमीचा स्टीलचा टॅम्पर वळवून, सगळे मिळून अकराशे रुपये. साधा ५८ चा टॅम्पर कडेला पावडरीची बारीक कड सोडतो आणि पाणी तिथूनच पळतं, त्या ०.४ मिमीचा फरक पहिल्याच शॉटला दिसतो. पोर्टाफिल्टर पितळी असतो, वर क्रोमचा मुलामा. कापल्यावर काठाचं पितळ उघडं पडतं, पण धार बास्केटमधून थेट कपात पडते, काठाला लागत नाही. तरी कीस पूर्ण घासून धुऊन मगच वापरा.

आता पाणी. याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं वाटतं.

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलचं. पण नळाला रोज येत नाही, तेव्हा इमारतीच्या टाकीत नळाचं, बोअरचं आणि कधी टँकरचं असं जे मिळेल ते मिसळतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत. कॉफीसाठी स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचं जुनं माप कॅल्शियमच्या कठीणपणाला १७ ते ८५ होतं, आणि क्षारता (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) ४० च्या आसपास. म्हणजे जे पाणी माणसाला बिनधास्त चालतं ते बॉयलरला खडे आणतं. तापल्यावर कॅल्शियमचं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन कॉइलवर थर बसतो, कॉइल आतल्या आत तापून जळते. दीड-दोन मिमीच्या नळ्या तर आधीच बुजतात.

मग सरळ आरओ लावा की, असं प्रत्येक जण सांगतो. ते अर्धंच खरं. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १५-२० चं आरओ पाणी कॉफीतून चव ओढत नाही, कप फिका लागतो. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते: बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी धातूची कांडी असते. पाण्यातून वीज वाहिली की तिला कळतं की पाणी पोचलं. इतक्या शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, मशीनला वाटतं बॉयलर रिकामाच आहे, आणि ते पाणी भरतच राहतं. वाफेच्या नळीतून गरम पाणी यायला लागलं तर हे आधी तपासा. शिवाय असं भुकेलं पाणी तांबं-पितळही खातं.

म्हणून मिसळून घ्यायचं. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना येतो, पण तो फक्त एकूण क्षार सांगतो. खरं काम मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या जीएच-केएचच्या थेंबांच्या किटचं; जीएच म्हणजे कठीणपणा, केएच म्हणजे क्षारता. पाच मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे, रंग बदलेल तो आकडा डिग्रीत; एक डिग्री म्हणजे १७.९ मिलिग्रॅम. जीएच ३ ते ५ आणि केएच २ ते ३ आलं की समाधान मानायचं. आमच्या बोअरचा टीडीएस ४८० भरला, जीएच १५, केएच १२. आरओचा टीडीएस २०. एक भाग बोअर, तीन भाग आरओ: टीडीएस १३५ च्या आसपास, जीएच चारला थोडा कमी, केएच तीन. आरओला मिसळणीची तोटी बसवून घेतली की रोज मोजमाप करायला नको. पण टाकीत कुठलं पाणी आहे ते बदलतं, म्हणून दर सोमवारी थेंब टाकून बघतो. कार्बन नि गाळाच्या फिल्टरसकट हा सगळा प्रकार चौदा हजारांत झाला.

जानेवारी २०२५ मध्ये गाळ्याचा करार केला आणि कागदपत्रांचा ससेमिरा सुरू झाला. अकरा महिन्यांचा भाडेकरार ई-स्टँपवर करा. त्यात ‘खाद्यपदार्थांच्या व्यवसायासाठी’ आणि ‘वीजभार वाढवण्यास मालकाची हरकत नाही’ ही दोन वाक्यं घालून घ्या. नंतर मालकाला सहीसाठी शोधत फिरावं लागत नाही. मालकाकडून चालू वर्षाची घरपट्टीची पावती आणि मिळकतीचा पीआयडी नंबर तेव्हाच घ्या. पुढच्या प्रत्येक खिडकीवर तो मागतात.

फूड लायसन सगळ्यात सोपं निघालं. फेब्रुवारीत फॉसकॉसच्या, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्यांच्या सरकारी, संकेतस्थळावर अर्ज केला. २०२५ च्या नियमानं वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर लायसन नव्हे, नोंदणी लागायची: फॉर्म ए, वर्षाला शंभर रुपये, एकदम पाच वर्षांचे पाचशे भरता यायचे. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढंच. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची की तपासणीला यायचं, हे कार्यालयानं सांगायचं असतं. चौदा आकडी नंबर मिळतो, नोंदणीचा २ ने सुरू होतो, लायसनचा १ ने. व्यवसायाचा प्रकार निवडताना घाई नको. बियांची पाकिटंही विकणार असाल तर किरकोळ विक्रीचा प्रकार तेव्हाच जोडा. स्वतः भाजणार असाल तर ते उत्पादनात मोडतं, त्याचा विचार वेगळा. कामाला माणूस ठेवणार असाल तर त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र दरवर्षी लागतं. सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या वर, तेव्हा सुरुवातीला ती डोकेदुखी नाही.

महापालिकेचं ट्रेड लायसन आर्थिक वर्षाचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करत असाल तर कुठल्या वर्षाचं मिळणार ते आधी विचारा, नाहीतर महिन्याभरासाठी वर्षाची फी जायची. आम्ही २०२५-२६ चंच घेतलं. अर्ज कन्नडमध्ये असतो. भाषा वाचता येत नसेल तर एजंटकडे धावायची गरज नाही. शेजारचा कुणीही दहावी झालेला मुलगा भरून देतो, आणि खिडकीवर दोन शब्द कन्नडमध्ये बोललं की कामाला गती येते. पाटीचा नियमही इथंच कळतो: राज्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर किमान ६० टक्के कन्नड, आणि ते वरच्या बाजूला. मराठी खाली लिहिता येतं. पेंटरला पाटीचा आराखडा देण्याआधी हे ठरवा, पाटी दोनदा करायचा खर्च वाचेल. दुकानं-आस्थापना कायद्याखालची नोंदणी धंदा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत करायची, ती पाच वर्षं चालते.

विजेचं गणित मशीन ठरवण्याआधी मांडा. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला कागदोपत्री ३.७ किलोवॅटच्या आत वीज मिळते. एका ग्रुपचं (ग्रुप म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवायचं तोंड) व्यावसायिक मशीन पावणेतीन किलोवॅटच्या आसपास, ग्राइंडर ३५०-४०० वॅट, वर फ्रीज, आरओ, दिवे-पंखे. बेरीज चारच्या जवळ जाते. दोन ग्रुपचं मशीन तर एकटंच चार ओढतं. गाळ्याला मंजूर भार होता एक किलोवॅट. हेस्कॉमकडे (इथली वीज कंपनी) भार वाढवायचा अर्ज, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा अहवाल, वाढीव किलोवॅटप्रमाणे डिपॉझिट. मशीनला मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. पाणी नि वीज एका ओट्यावर असताना अर्थिंगवर पैसे वाचवू नका. वायरिंग, डिपॉझिट, स्टॅबिलायझर मिळून बावीस हजार.

मार्चमध्ये खरेदी. तोवर कॉफीचे भाव आभाळाला भिडले होते. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. आदल्या वर्षी ब्राझील नि व्हिएतनामला दुष्काळानं झोडपलं त्याचा हा परिणाम. भाजलेली चांगली बी आम्हाला तेराशे रुपये किलोनं पडली, म्हणजे १८ ग्रॅमला जवळजवळ साडेतेवीस रुपये. सकाळी दळण लावताना जाणारे दोन-तीन शॉट त्यात धरा. सत्तर टक्के अरेबिका आणि तीस टक्के धुतलेली रोबस्टा हे मिश्रण दुधातही टिकतं नि खिशालाही परवडतं. चांगली रोबस्टा वापरणं म्हणजे भेसळ, हा समज पुस्तकी आहे.

ग्राइंडर नवा घेतला, ६४ मिमीच्या सपाट पात्यांचा, बासष्ट हजार. मशीन जुनं, एक ग्रुपचं, १ लाख ३५ हजार. उलटं करू नका. तीन लाखांचं मशीन आणि पंधरा हजारांचा ग्राइंडर यातून चांगली कॉफी येत नाही, कारण भरड नि भुकटी एकत्र आली की पाणी भुकटीतून कडू काढतं आणि भरडीतून आंबट. जुनं मशीन बघायला जाताना थंड असतानाच चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय असं धरा. वाफेच्या बॉयलरचा काटा १ ते १.२ बारवर येऊन थांबतो का, शॉट बंद केल्यावर दाब ‘फुस्स’ करून नळीतून बाहेर पडतो का, ग्रुपखालचं रबर कडक होऊन तडकलंय का, जाळी खोलल्यावर मागं काळा थर किती, हे बघा. रबर नि जाळी किरकोळ गोष्ट. बॉयलर उघडून दाखवायला नकार दिला तर चहा पिऊन परत या. मेकॅनिक बेंगळुरूहून नाहीतर पुण्याहून यायचा, तेव्हा रबर, जाळी, पातळीची कांडी, फ्यूज हे जास्तीचं घरात ठेवा.

वीज गेली की सगळं थंड. मोठा पितळी ग्रुप पूर्ण तापायला अर्धा-पाऊण तास घेतो. बॉयलरचा काटा वर आला म्हणजे ग्रुप तापला असं नसतं. तेवढ्या वेळासाठी गॅसवर मोका पॉट ठेवतो. त्यात दाब एक-दोन बारच, तेव्हा त्याला एस्प्रेसो म्हणून विकू नका, मोका म्हणूनच द्या.

एप्रिलभर दूध. गवळ्याचं म्हशीचं दूध चहाला उत्तम, फेसाला जड. शिवाय किटल्यांत हिंदकळून चरबी मोकळी झालेली असते, आणि मोकळी झालेली चरबी फेस मारते. एखाद्या दिवशी फेस धरतच नाही त्याचं कारण बहुधा हेच. नंदिनीचं पाकिटातलं टोन्ड, ३ टक्के फॅट नि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), रोज सारखं वागतं. साडेतीनशे मिलीच्या जगमध्ये चोचीच्या खालपर्यंत थंड दूध. वाफेचं टोक पृष्ठभागाच्या जरासं खाली, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज. जग हाताला कोमट लागेपर्यंतच हवा घ्यायची, मग टोक खाली बुडवून भोवरा करायचा आणि ६० ते ६५ अंशांना बंद. सत्तरच्या वर गेलं की उकळल्याचा वास येतो. इथल्या गिऱ्हाइकाला कॉफी कढत लागते. त्यासाठी दूध जाळू नका, कप गरम पाण्यानं तापवून घ्या. टोक लगेच ओल्या फडक्यानं पुसून एक झटका वाफ सोडायची, नाहीतर दूध आत ओढलं जाऊन सुकतं.

साधा एस्प्रेसो मागणारे थोडे. कप पुढे ठेवला की “एवढीच?” हे ठरलेलं. वाद न घालता बरोबर चमचाभर कुंदा द्या. कुंद्याची ती अघोरी गोडी या कडूपुढे बरोबर ताळ्यावर येते.

जूनपासून पाऊस धरला आणि सकाळचं दळण दुपारी चालेनासं झालं. हॉपरमध्ये (ग्राइंडरवरच्या डब्यात) दोन तासांपुरत्याच बिया ठेवा, बाकी झाकण घट्ट डब्यात. पावसाळ्यात दर दोन-तीन तासांनी एक शॉट वजन-वेळ लावून तपासा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उलटं: स्थिर विजेनं पावडर सगळीकडे उडते, तेव्हा दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब फिरवला की काम भागतं.

रात्री बंद करताना आंधळी (बिनभोकांची) बास्केट लावून तीन ग्रॅम क्लीनर, दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा. मग क्लीनर न घालता तेवढंच पुन्हा, नुसत्या पाण्यानं. दुसऱ्या दिवशीचा पहिला शॉट पिऊ नका, ओता. क्लीनरचा अंश राहिला असेल तर त्यात जातो. ट्रेड लायसनचं नूतनीकरण मार्च संपायच्या आत करायचं, त्याला पुन्हा त्या वर्षाची घरपट्टीची पावती लागते. मालकाला फेब्रुवारीतच आठवण करा.